वीस म्हणेल तो जिंकला

खेळ अगदी सोपा आहे. दोघांनी समोरासमोर बसायचं. पहिल्याने ‘एक’ किंवा ‘दोन’ म्हणायचं. दुसऱ्याने त्यात एक किंवा दोन मिळवायचे आणि येणारी संख्या मोठ्याने सांगायची. मग पुन्हा पहिल्याची पाळी. असं करत जो ‘वीस’ म्हणेल तो जिंकला. ना पट लागतो, ना फासा, ना सोंगट्या. पाढे पाठ नसले तरी चालतं. वीसपर्यंत मोजता आलं की कोणीही खेळू शकतं.

फ्रान्समध्ये बोर्दो शहराला लागून तालांस नावाचं गाव आहे. तिथल्या एका प्राथमिक शाळेत १९७०च्या दशकात गी ब्रूसो यांनी हा खेळ गणिताच्या तासाला आणला. ब्रूसो यांची सुरुवात प्राथमिक शिक्षक म्हणूनच झालेली. पुढे गणित शिकवण्याचं शास्त्र त्यांनी इतकं नेटाने उभं केलं की २००३ साली फेलिक्स क्लाइन पदक सुरू झालं तेव्हा पहिलं पदक त्यांनाच मिळालं. त्यांच्या कामातला हा वीसचा खेळ बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण वर्गात खेळ घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं.

आधी शिक्षक फळ्यापाशी एका मुलाबरोबर एक-दोन डाव खेळून दाखवतात. नियम समजावण्यासाठी एवढं पुरतं. मग मुलं जोड्याजोड्यांनी खेळतात आणि कागदावर दोघांच्या संख्या लिहीत जातात. सुरुवातीला सगळं अंदाजपंचे चालतं. सहा-सात डाव झाले की कोणाच्या तरी लक्षात येतं, की समोरचा ‘सतरा’ म्हणाला की आपण मेलोच. अठरा म्हणावं तर तो वीसवर जातो, एकोणीस म्हणावं तरी तो वीसवर जातो. आता खेळाचा रंग बदलतो. वीस गाठायची धडपड मागे पडते आणि सतरा आधी कोण गाठतो यावर झुंज सुरू होते.

इथे बरीच मुलं थांबतात. सतरा हे त्यांना ‘लकी’ घर वाटतं. तिथे पोचायचं कसं, याचा हिशेब ती अजून करत नाहीत. ब्रूसो यांची पुढची चाल याच टप्प्यासाठी होती. त्यांनी वर्गाचे दोन गट केले. प्रत्येक डावाला दोन्ही गटांतून एकेक मूल फळ्यापाशी यायचं, आणि कोण यायचं ते चिठ्ठीने ठरायचं. डाव चालू असताना गटाने आपल्या खेळाडूला काही सांगायचं नाही, मात्र दोन डावांच्या मधे हवी तेवढी चर्चा करायची. आता ज्याला युक्ती सापडली त्याची पंचाईत होते. चिठ्ठी आपल्या नावाची निघेलच असं नाही, म्हणून आपल्याला उमगलेलं दुसऱ्याला समजेल अशा शब्दांत सांगणं भाग पडतं. ‘ते असं असं करायचं’ म्हणून भागत नाही. ‘चौदा म्हण, मग तो पंधरा म्हणो की सोळा, तुला सतरा मिळतंच’ इतकं नेमकं वाक्य तयार व्हावं लागतं.

शेवटी तिसरी फेरी. गटांनी आपापली विधानं फळ्यावर मांडायची आणि दुसऱ्या गटाने ती मान्य करायची किंवा खोटी पाडायची. गुण आता विधानांना. ‘अकरा म्हणणारा जिंकतो’ असं कोणी म्हटलं की समोरचा गट विचारतो, ‘का?’ ‘मी अकरा म्हटलं आणि जिंकलो’ हे उत्तर चालत नाही, कारण समोरच्याने चूक केल्यामुळेही तुम्ही जिंकला असाल. प्राथमिक शाळेतली मुलं इथे पुराव्याबद्दल भांडत असतात. आणि हळूहळू फळ्यावर एक माळ उभी राहते: २०, १७, १४, ११, ८, ५, २. ज्याने पहिल्याच पाळीला ‘दोन’ म्हटलं आणि पुढे चूक केली नाही, त्याला कोणीही हरवू शकत नाही.

आता वीसला तीनने भागा. भागाकार सहा, बाकी दोन. तीच दोन! ब्रूसो यांनी हा खेळ आणला होता तो मुलांना भागाकार नव्याने भेटावा म्हणून. एरवी भागाकाराच्या गणितात बाकी ही शेवटी खाली उरलेली एक अडचण असते. इथे बाकी ही डावाची किल्ली आहे. ‘वीस’ऐवजी ‘एकतीस’ म्हणेल तो जिंकला, असं ठरवलं तर? एकतीसला तीनने भागून बाकी एक, म्हणजे पहिल्यांदा ‘एक’ म्हणायचं. आणि ‘एकवीस’ ठरवलं तर? बाकी शून्य. मग शहाण्याने समोरच्याला म्हणावं, ‘आधी तू.’ हा टप्पा गाठलेल्या वर्गात मुलं स्वतःहून मोठमोठे आकडे ठरवू लागतात आणि कोपऱ्यात जाऊन चोरून भागाकार करू लागतात. शिक्षकाला याहून जास्त काय हवं?

खेळ तसा जुना आहे. शंभर म्हणेल तो जिंकला आणि दर पाळीला एक ते दहापर्यंत काहीही मिळवायचं, हे त्याचं थोरलं भावंड फ्रान्समध्येच क्लोद गास्पार बाशे यांच्या १६१२ सालच्या गणिती कोड्यांच्या पुस्तकात आहे. चौथीच्या वर्गासाठी ते फार चांगलं. आपल्याकडे अनेक खेड्यांत दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळतात. तिथे दुसरीला वीसचा खेळ आणि चौथीला शंभरचा, असं एकाच तासाला चालू शकतं. शंभरच्या खेळातली जिंकणारी माळ कोणती, ती वाचकांनी स्वतःच शोधावी.

आता याच्या शेजारी दुसरा एक खेळ ठेवून पाहू. मुलं गोलात बसली आहेत, टाळ्यांच्या तालावर चेंडू हातोहात फिरतो आहे. टाळ्या थांबल्या की ज्याच्या हातात चेंडू, त्याने ‘सात आठे किती’ ते सांगायचं. चुकला तर बाद. शाळाशाळांत हा खेळ चालतो. मुलं हसतात, ओरडतात, तास मजेत जातो. पण यातून सात आठे काढून टाका आणि त्या जागी ‘गुजरातची राजधानी कोणती’ हा प्रश्न घाला. खेळ होता तसाच राहतो. म्हणजे खेळ चेंडूचा होता. पाढा फक्त वाटेवरचा टोलनाका. ज्याला पाढा येतो तो पैसे भरून पुढे गेला, ज्याला येत नाही तो तिथेच अडकला, आणि अडकलेल्याला पाढा शिकण्याची काही सोय त्या खेळात नव्हती.

वर्गासाठी खेळ निवडताना मी हीच कसोटी लावते. खेळातून गणित काढून घेतलं तर खेळ शिल्लक राहतो का? राहत असेल, तर तो उजळणीसाठी कधीमधी घ्यायला हरकत नाही. उजळणीचीही गरज असतेच. पण त्याने कोणतीही नवी कल्पना मुलाच्या हाती लागणार नाही. वीसच्या खेळातून गणित काढायला गेलात तर हातात काहीच उरत नाही.

चांगला खेळ महाग किंवा नवा असावा लागत नाही. घरोघरी असलेली सापशिडीच घ्या. तिच्यासारख्या पटाविषयी एक महत्त्वाची गोष्ट अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ साली दाखवून दिली. गरीब घरांतल्या, शाळेआधीच्या वयाच्या मुलांसाठी त्यांनी एका ओळीत दहा घरांचा साधा पट केला, घरांवर एक ते दहा आकडे लिहिले. चकती फिरवायची, एक किंवा दोन दान पडेल तितकी घरं सोंगटी सरकवायची. दुसऱ्या गटाला हाच पट दिला, पण घरांत आकड्यांऐवजी रंग होते. छोट्या छोट्या सत्रांत मिळून सुमारे तासभर, इतकाच खेळ. आकड्यांच्या पटावर खेळलेली मुलं संख्या ओळखण्यात, दोन संख्यांतली मोठी सांगण्यात आणि संख्येची रेषेवरची जागा दाखवण्यात सुधारली. नऊ आठवड्यांनी तपासलं तेव्हाही ती सुधारणा टिकून होती. रंगांच्या पटावर खेळलेल्यांना हा फायदा झाला नाही.

या प्रयोगातला एक बारीक नियम फार मोलाचा आहे. सोंगटी तीनवर असेल आणि दान दोनचं पडलं, तर मुलाने ‘एक, दोन’ म्हणायचं नाही. ‘चार, पाच’ म्हणायचं. पुढे २०१४ मध्ये सीगलर आणि एलिडा लास्की यांनी शंभर घरांच्या पटावर हाच मुद्दा वेगळा काढून तपासला. पटावरचे आकडे म्हणत पुढे जाणाऱ्या मुलांना लाभ झाला; दर वेळी एकपासून मोजणाऱ्यांना तो मिळाला नाही. पट तोच, दानं तीच, फक्त तोंडाने काय म्हटलं यात फरक.

आपण घरी कसं खेळतो ते आठवून पाहा. सोंगटी सतरावर, दान तीनचं. आपण म्हणतो, ‘एक, दोन, तीन, ये खाली, साप!’ आकड्यांकडे कोणी पाहतच नाही, सगळं लक्ष सापाकडे. त्याऐवजी ‘अठरा, एकोणीस, वीस’ म्हणायचं ठरवलं तर एकाच डावात मुलाच्या तोंडून किती संख्या योग्य क्रमाने जातील! मराठी मुलांना याची गरज जास्तच आहे. आपली संख्यानामं आधी एकक आणि मग दशक सांगतात, शिवाय एकोणतीस, एकोणचाळीस ही नावं पुढच्या दशकाकडे पाहून बनलेली. सत्तावीस लिहिताना दोन आधी, बोलताना सात आधी. सत्तावीसचे बहात्तर होतात ते इथे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशा वाचनाचा पर्याय दिला गेला तेव्हा राज्यभर वाद पेटला होता. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी तेव्हा मुलांची हीच अडचण पुढे ठेवली होती. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा विषय इथे नको. पण पटावर सव्वीसच्या पुढच्या घरात बोट ठेवून ‘सत्तावीस’ म्हणणारं मूल त्या नावाची जागा डोळ्यांनी पाहत असतं, आणि पाढ्यांच्या पुस्तकातून घोकताना ते घडत नाही.

दशक-एककासाठी माझा सर्वांत आवडता खेळ याहून साधा आहे. शून्य ते नऊ आकड्यांच्या दहा चिठ्ठ्या करायच्या. प्रत्येकाने पाटीवर दोन चौकटी आखायच्या, डावी दशकाची आणि उजवी एककाची. शिक्षक एक चिठ्ठी काढतात, समजा ६ निघाला. तो लगेच एका चौकटीत लिहायचा आणि लिहिलेला पुसायचा नाही. मग दुसरी चिठ्ठी. ज्याची संख्या सर्वांत मोठी तो जिंकला.

६ कुठे लिहायचा? दशकात लिहिला आणि पुढे ९ निघाला तर ६९ वर समाधान मानावं लागतं, शेजारणीचे ९६ झालेले. एककात लिहिला आणि पुढे १ निघाला तर १६. पहिल्या दिवशी मुलं मनाला येईल तिथे लिहितात. दोन-चार दिवसांनी कोणीतरी चिठ्ठ्या मोजायला लागतं. सहा गेल्यावर उरल्या नऊ चिठ्ठ्या, त्यांतल्या सहाहून मोठ्या तीनच आणि लहान सहा. म्हणजे सहा दशकात टाकणं बरं. पाचचं काय? मोठ्या चार, लहान पाच; तरीही दशकात. आणि चार निघाला तर पारडं फिरतं. दशकाची किंमत एककाच्या दहापट आहे, हे वाक्य फळ्यावर शंभरदा लिहून जे होत नाही ते १६ की ६१ यात फसलेल्या मुलाला एका डावात कळतं. संभाव्यता हा शब्द ऐकायला त्याला अजून काही वर्षं आहेत, पण तिच्याशी त्याची ओळख झालेली असते. तिसरीला तीन चौकटी द्या, चौथीला चार. आणि ‘सर्वांत लहान संख्या जिंकली’ असा उलटा डावही ठेवा, म्हणजे शून्याचं काय करायचं यावर वाद होईल.

चल्लस-आठ खेळणाऱ्या आज्यांनाही संभाव्यतेची ही ओळख असते. चार कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकं दान, चारही पालथ्या पडल्या तर आठ. दोन सारखं पडतं आणि आठ क्वचित, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असतं. कवड्यांऐवजी फोडलेले चिंचोके घ्या. मुलांना शंभर वेळा टाकून फळ्यावर रेघा ओढायला लावा, आणि चौथीचा वर्ग स्वतःच्या हाताने स्तंभालेख तयार करेल. चिंचोका दोन्ही अंगांवर सारखाच पडत असेल तर चार चिंचोक्यांच्या सोळा शक्यतांपैकी दोनचं दान सहा वेळा येतं आणि आठ एकदाच. खरे चिंचोके थोडे वेगळं वागतील, आणि मग ते का, यावर बोलता येईल.

एवढं वाचून कोणाला वाटेल, की खेळायला लावलं की गणित आपोआप येईल. येत नाही, आणि याचा चांगला पुरावा आपल्याच देशातला आहे. दिल्लीत ‘प्रथम’ संस्थेच्या २१४ बालवाड्यांत १,५४० मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. मोइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्की, एस्तेर द्युफ्लो आणि सहकाऱ्यांनी तो २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. ठिपक्यांच्या दोन समूहांतला मोठा ओळखणं, आकृत्यांमधली वेगळी आकृती शोधणं असे खेळ मुलं चार महिने खेळली. संख्येची आणि आकाराची त्यांची उपजत जाण चांगली वाढली आणि दीर्घकाळ वाढलेलीच राहिली. लगेच घेतलेल्या चाचणीत अंकांच्या गणितातही ती पुढे होती. पण पुढे शाळेतलं गणित शिकताना त्यांना इतरांपेक्षा काही सरशी मिळाली नाही.

हा निष्कर्ष मनाला लागणारा आहे, पण अनपेक्षित नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणारी मुलं तोंडी हिशेब जवळपास अचूक करत होती. तेच हिशेब कागदावर आकड्यांत मांडून दिले तेव्हा त्यांतले जेमतेम चाळीस टक्केही बरोबर येईनात. तेरेझिना कॅरेहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९८५ मध्ये दाखवलं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं, आणि त्यात उलटी बाजूही दिसली: फक्त शाळेत शिकणारी मुलं बाजाराच्या हिशेबात अडखळत होती. हातातलं गणित आणि वहीतलं गणित यांच्यामधे ओढा आहे. त्यावर साकव कोणीतरी बांधावा लागतो, आणि वर्गात ते काम शिक्षकाचं आहे.

ब्रूसो यांच्या तासाला शेवटी शिक्षक बोलतात ते यासाठीच. मुलांनी शोधलेलं त्यांच्याच शब्दांत परत सांगायचं आणि मग त्याला गणितातलं नाव द्यायचं: हा भागाकार, ही बाकी. हे नाव आधी दिलं तर शोध मरतो, आणि दिलंच नाही तर शोध खेळातच राहून जातो. आपल्याकडे पहिली चूक जुनी आहे. गेल्या काही वर्षांत ‘आनंददायी’ शिक्षणाचा आग्रह वाढला तशी दुसरी चूकही पसरू लागली आहे. २०२१ साली निपुण भारत अभियान आलं, २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, पहिली-दुसरीच्या गणिताच्या नव्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकांच्या नावातच आनंद आला. हे सगळं चांगलं झालं. साहित्याच्या पेट्या शाळेत पोचल्या. पण पेटी उघडली, मुलं खेळली, घंटा झाली, पेटी बंद झाली, असं होणार असेल तर आपण दिल्लीच्या त्या प्रयोगापलीकडे जाणार नाही.

साकवासाठी फार काही लागत नाही. प्रत्येक जोडीला डावाची एक वही द्यावी. सापशिडीत दान पडलं की एक ओळ: १७ + ३ = २०. साप चावला की दुसरी: ४७ − २१ = २६. वही भरली की शिक्षकाने तिच्यातूनच प्रश्न काढावेत. ‘सोंगटी चौतीसवर आली, दान पाचचं पडलं होतं, मग आधी ती कुठे होती?’ मूल पटावर बोट मागे नेऊन एकोणतीस सांगतं. मग त्याचंच लेखन: रिकामी चौकट अधिक पाच बरोबर चौतीस. हीच ओळ वर्कबुकात आली की मुलं घाबरतात, इथे ती त्यांच्याच डावातून आलेली असते.

स्पर्धेबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. ‘पटकन कोण सांगेल?’ या एका वाक्याने खेळाचं जितकं नुकसान होतं तितकं कशानेच होत नाही. वर्गातली तीच चार मुलं उत्तर देतात, बाकीची विचार करणं थांबवतात, कारण त्यांचा विचार पूर्ण होण्याआधीच डाव संपलेला असतो. लहान वर्गांत नशिबाचा भाग असलेले खेळ यासाठी चांगले. फासा कोणाचा हुशारपणा ओळखत नाही, कच्चं मूलही जिंकतं आणि पुढच्या डावाला बसायला तयार राहतं. बुद्धीचे खेळ मात्र जोडी विरुद्ध जोडी असे खेळवावेत. दोघांना एकच चाल ठरवायची असली की ती आपसांत बोलतात, आणि ते बोलणं शिक्षकाला ऐकायला मिळतं. मुख्याध्यापकांना वर्गात गोंगाट वाटला तर त्यांना आत बोलावून एका जोडीशेजारी बसवावं.

कोड्यांची गोष्ट थोडी वेगळी. कोडं एकट्याने, शांतपणे सोडवायची चीज आहे. आपल्याकडे ती पाठ्यपुस्तकातच होती: भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त उदाहरणं येतात ती भुंगे, मोर, हत्ती यांच्या कोड्यांच्या रूपात. आजच्या काळातलं एक नाव घ्यायचं तर जपानमधल्या योकोहामाचे शिक्षक तेत्सुया मियामोतो. त्यांनी २००४ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी केनकेन हे कोडं तयार केलं. सुडोकूसारखी चौकट, पण घरांचे छोटे गट पाडलेले, आणि प्रत्येक गटात एक संख्या व एक चिन्ह. तीन बाय तीनच्या चौकटीत आडव्या दोन घरांवर ‘३ +’ लिहिलं असेल तर तिथे १ आणि २ असणार, म्हणून त्या ओळीतलं तिसरं घर ३. कोणत्या घरात एक आणि कोणत्या घरात दोन, हे मात्र उभ्या ओळी पाहूनच ठरेल. मूल इथे बेरीज उलट्या दिशेने करतं: तीन येण्यासाठी काय काय मिळवता येईल? मियामोतो वर्गात समजावून सांगत नाहीत, कोडी देतात आणि वाट पाहतात. न शिकवता शिकवणं, असं ते स्वतः म्हणतात. मला त्यांचा संयम फार मोठा वाटतो. तरी पहिली ते चौथीच्या वर्गात कोडं सुटल्यावर ‘तुला आधी कोणतं घर सापडलं आणि कसं?’ हे विचारल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

पण मराठी शिक्षकाला कोड्यासाठी योकोहामापर्यंत जायची गरज नाही, देवळालीपर्यंत गेलं तरी पुरे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूत जन्मले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. संख्यांशी खेळणं हा त्यांचा ध्यास होता. इथल्या अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाची फारशी दखल घेतली नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि जगभर नाव झालं. त्यांची ६१७४ ही संख्या प्रसिद्ध आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंकांची उतरत्या क्रमाने मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लहान करा, वजा करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते.

तिसरी-चौथीसाठी तीन अंकांनी सुरुवात करावी. ३५२ घेऊ. ५३२ − २३५ = २९७. मग ९७२ − २७९ = ६९३. मग ९६३ − ३६९ = ५९४. मग ९५४ − ४५९ = ४९५. आणि पुढे कितीही केलं तरी ४९५च. चाळीस मुलांनी चाळीस वेगळ्या संख्या घेतल्या तरी सगळी ४९५ वर येऊन पोचतात. वर्गात एकच गलका होतो, आणि तो व्हावाच.

शिक्षकाच्या दृष्टीने खरी किंमत पुढे आहे. इथली प्रत्येक वजाबाकी हातच्याची आहे, म्हणजे मुलांची सर्वांत जास्त चुकणारी. आणि उत्तरांकडे पाहा: २९७, ६९३, ५९४, ४९५. मधे नेहमी ९, आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९. ज्याच्या उत्तरात मधे ९ नाही त्याचं कुठेतरी चुकलं, हे त्याला कोणी सांगायच्या आधी कळतं. लाल पेनाची गरजच उरत नाही. मग ‘मधे नऊच का?’ हे विचारावं. वरच्या संख्येत मोठा अंक डावीकडे आहे, खालच्या संख्येत तोच उजवीकडे, म्हणून एककात नेहमीच हातचा घ्यावा लागतो. मधला अंक वर-खाली एकच, वरच्यातला एक गेलेला, त्यामुळे तिथेही हातचा घ्यावा लागतो आणि नऊ उरतात. चौथीतलं मूल हे स्वतःच्या शब्दांत सांगू शकतं, आणि ज्याने हे सांगितलं त्याला हातच्याची वजाबाकी पुन्हा शिकवावी लागत नाही. एक काळजी घ्यावी: कधी उत्तर ९९ येतं. तेव्हा ते ०९९ असं तीन अंकी लिहून पुढे जायचं.

चार अंकांचा ६१७४ घरी करून पाहायला द्या. ३५२४ पासून सुरुवात केली तर तीनच पायऱ्या लागतात. वर्गात सर्वांत जास्त पायऱ्या कोणाच्या संख्येला लागल्या ते दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहा. मग वाचकहो, पाच अंकी संख्येचा डाव तुम्ही स्वतः मुलांसोबत बसून मांडा. ४९५ किंवा ६१७४ सारखी, सगळ्यांना एकाच जागी आणून थांबवणारी संख्या तिथे नाही. त्याऐवजी काय घडतं ते वहीत दिसेपर्यंत वजाबाक्या करत राहा, आणि उत्तर मुलांच्या आधी सांगू नका.